मरियेच्या निष्पापतेवरील श्राव्य अभ्यासक्रम: पाचवे व्याख्यान आधी ऐका

येशूची आई पवित्र मरिया हिच्या निष्पापतेविषयीचा सहा व्याख्यानांचा हा श्राव्य अभ्यासक्रम मी दोनदा ऐकला. एकदा ओळीने आणि नंतर मुद्दाम क्रम बदलून. दुसऱ्या खेपेस तो कितीतरी अधिक उमगला, आणि माझी मुख्य तक्रार नेमकी तीच आहे.

पहिले व्याख्यान ८ डिसेंबर १८५४ या दिवसापासून, म्हणजे पोप नववे पायस यांनी निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत घोषित केला तेथून सुरू होते. येशूचा कुमारिकेच्या पोटी झालेला जन्म आणि हा सिद्धांत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वक्ते आरंभीच स्पष्ट करतात. येथे गर्भसंभव आहे तो खुद्द मरियेचा, तिच्या आईच्या उदरातला. ८ डिसेंबरच्या सणापासून नऊ महिने मोजले की ८ सप्टेंबरचा मरियेचा जन्मोत्सव येतो, एवढे गणित सांगितल्यावर घोटाळ्याला जागा उरत नाही. मराठीत हा घोटाळा जरा अधिकच होतो, कारण स्त्रीच्या नावाजवळ ‘कलंक’ हा शब्द आला की आपले मन चारित्र्याकडे धावते. या सिद्धांताचा संबंध चारित्र्याशी नसून आदिपापाशी आहे: मरिया गर्भात आली तीच आदिपापाविना, असे तो म्हणतो.

मात्र आदिपाप म्हणजे काय, हे कळण्यासाठी पाचव्या व्याख्यानापर्यंत वाट पाहावी लागते, आणि तोवर श्रोता ते रक्तातून उतरणारा डाग समजून चालतो. कॅथलिक शिकवणुकीनुसार आदिपाप हे आपण केलेले कृत्य नसून जन्मतः वाट्याला आलेली अवस्था आहे. आदामाने गमावलेली मूळची पवित्रता त्याच्या वंशजांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ‘पाप’ हा शब्द येथे लक्षणेने घ्यायचा असतो. आजोबांनी वतन घालवले तर नातू वतनाविना जन्माला येतो. गुन्हा त्याचा नसतो, उणीव मात्र त्याच्या पदरी पडते. (हा दृष्टांत माझा आहे; व्याख्यानात असा एखादा असायला हवा होता.) ही उणिवेची कल्पना पक्की झाली की मरियेविषयीचा दावाही नीट दिसू लागतो: इतरांना जी कृपा स्नानसंस्कारात (बाप्तिस्म्यात) मिळते, ती तिला ख्रिस्ताच्या पुण्याईमुळे अस्तित्वाच्या पहिल्या क्षणीच मिळाली.

अभ्यासक्रमाचे खरे मोल तिसऱ्या व्याख्यानात आहे. या मताला मध्ययुगात विरोध करणाऱ्यांत क्लेअरवोचे संत बर्नार्ड आणि संत थॉमस अक्वायनस यांच्यासारखे थोर धर्मशास्त्रज्ञ होते, हे येथे लपवलेले नाही. अक्वायनस यांची अडचण वक्ते सावकाश, दोनदा वाचून दाखवतात: मरियेला आदिपापाचा स्पर्शच झाला नसेल, तर तिला ख्रिस्ताकडून तारणाची गरज उरली नसती, आणि मग ख्रिस्त सर्वांचा तारणारा कसा ठरेल? त्यानंतर फ्रान्सिस्कन धर्मशास्त्रज्ञ डन्स स्कोटस यांचे उत्तर येते, की पडलेल्याला उचलणे हे तारण आहेच, पण पडू न देणे हे त्याहून परिपूर्ण तारण आहे. त्यामुळे लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मरिया स्वतः देवाला ‘माझा तारणारा’ म्हणते, याचाही उलगडा होतो. खड्ड्याच्या काठावर सावरलेल्या माणसाचा ठरावीक दृष्टांत तेवढा खटकला, कारण खड्ड्यात पडणारा स्वतःच्या पायाने चालत गेलेला असतो. डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दोन संन्यासी संघांचा यावरचा दीर्घ वाद आणि आदिपापावरील आपल्या ठरावात मरियेला गृहीत धरण्याचा हेतू नाही असे म्हणणारी १५४६ ची ट्रेंट धर्मसभा, हा भाग थोडक्यात पण व्यवस्थित येतो.

चौथे व्याख्यान कच्चे आहे. देवदूताने मरियेला केलेल्या अभिवादनातील ज्या ग्रीक शब्दासाठी आपण प्रार्थनेत ‘कृपापूर्णे’ म्हणतो, त्याचे रूप पूर्ण झालेली आणि टिकून राहिलेली कृपा सुचवते. ती केव्हापासून, हे व्याकरण सांगत नाही. वक्ते मात्र त्या एका शब्दावर सगळा भार टाकतात. उत्पत्ती ३:१५ मध्ये सर्पाचे डोके ठेचणारी ‘ती’, जिला मरिया मानले जाते, लॅटिन भाषांतरात आढळते, हिब्रूत नाही, हेही त्यांनी सांगितलेले नाही. शेवटचे व्याख्यान १८५८ मध्ये फ्रान्समधील लूर्द येथे झालेल्या मरियेच्या दर्शनांचे असून ते ऐकायला गोड आहे, पण त्याने युक्तिवाद पुढे सरकत नाही.

सर्वांत मोठी उणीव पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेविषयीची आहे. ती मरियेला ‘सर्वपवित्र’ म्हणते आणि तरीही हा सिद्धांत स्वीकारत नाही, कारण आदामाकडून दोष नव्हे तर मरणाधीनता वारशाने येते, असे ती प्रामुख्याने मानते. या मतभेदामागे रोमकरांस पत्र ५:१२ मधील एका शब्दसमूहाचाही वाटा आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘ज्याच्यामध्ये’ (म्हणजे आदामामध्ये सर्वांनी पाप केले) असा लावला गेला, तर ग्रीकमध्ये तो बहुधा ‘कारण’ (कारण सर्वांनी पाप केले) असा घेतात. शंका विचारण्याची सोय आहे, म्हणून मी याविषयी लिहून विचारले. दोन दिवसांत अतिशय नम्र उत्तर आले, की पाचवे व्याख्यान पुन्हा ऐकावे. त्या व्याख्यानात या वचनाचा उल्लेखही नाही.