‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ : लय संथ, षड्ज अध्याहृत

न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातील क्लबमध्ये २५ जून १९६१ रोजी, रविवारी, पियानोवर बिल इव्हान्स, डबल बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रमवर पॉल मोशन या जॅझ त्रयीने दुपारी व रात्री मिळून पाच सत्रे वाजवली. त्यांतील सहा वादने रिव्हरसाइड या ध्वनिमुद्रिका कंपनीने ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या नावाने काढली. सोलापुरात जॅझ प्रत्यक्ष ऐकण्याचा योग क्वचितच येतो. त्यामुळे हुतात्मा स्मृती मंदिरातील मैफलींवर ज्यांचा कान तयार झाला आहे, त्यांना या संगीतात शिरण्यासाठी मी हेच ध्वनिमुद्रण सुचवतो.

पहिलेच वादन ‘माय फूलिश हार्ट’ हे पेटीच्या भाषेत पांढरी सहामध्ये आहे आणि मेजर पट्टीत, म्हणजे शुद्ध स्वरांच्या सप्तकात आहे. मेजर म्हणजे प्रसन्न आणि मायनर म्हणजे उदास, हा पाश्चात्त्य संगीताविषयीचा आपल्याकडील ठोकताळा इथे पहिल्या मिनिटातच मोडतो, कारण शुद्ध गांधार स्पष्ट लागत असूनही एकूण भाव हुरहुरीचा राहतो. लय विलंबिताकडे झुकलेली आहे, मोशन काठ्यांऐवजी ब्रश वापरतो, आणि सुमारे पाच मिनिटांत इव्हान्स मूळ धून फारशी सोडतच नाही. मात्र खरे कारण त्याच्या डाव्या हातात आहे. त्याच्या स्वरसंघातांतून, म्हणजे एकदम वाजवलेल्या स्वरांच्या गुच्छांतून (कॉर्ड), मूळ स्वर बहुधा वगळलेला असतो. तो बेसने द्यावा अशी अपेक्षा असते, आणि लाफारो तो कधी देतो, कधी उशिरा देतो, तर कधी वरच्या सप्तकात दुसरेच काही बोलू लागतो. तंबोऱ्यावर अखंड षड्ज ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला ही पोकळी लगेच जाणवते. पट्टी ठरलेली आहे, पण घर दाखवणारा स्वर मनातल्या मनात धरून ठेवावा लागतो, आणि या वादनाची हुरहूर मला प्रामुख्याने तिथूनच येते असे वाटते.

‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही शीर्षकाची रचना इव्हान्सने आपल्या पुतणीसाठी केलेली असून ती पांढरी चारमध्ये आहे. आरंभी तीन मात्रांचा वॉल्ट्झ केवळ पियानो आणि बेस यांच्यात चालतो. मग ड्रम येतात, चाल चार मात्रांची होते आणि त्याच धुनेला अचानक पाय फुटतात. पट्टी तीच असताना केवळ मात्रांच्या विभागणीने मनःस्थिती कशी पालटते, हे दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. ठेका मोजत बसणाऱ्यांची मात्र पंचाईत होते, कारण लाफारो प्रत्येक मात्रा वाजवून दाखवण्याचे बंधन मानत नाही. तो पियानोशी सवाल-जवाब करतो. तेव्हा तो २५ वर्षांचा होता आणि अकराच दिवसांनी, ६ जुलै रोजी, मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. ही माहिती ध्वनिमुद्रणावर नंतर पडलेली सावली आहे, वादनात ती शोधू नये.

मागे पेल्यांची किणकिण, कुजबुज, मधूनच हसणे ऐकू येते. (मैफलीत शेजाऱ्याचा मोबाइल वाजतो तेव्हा आपण इतके उदार नसतो.) मला हे आवाज खटकत नाहीत, कारण त्यांच्यामुळे खोलीचा आकार कळतो आणि संथ लयीतील विराम पोकळ वाटत नाहीत.

तक्रारी दोन आहेत. ‘सम अदर टाइम’मध्ये दोनच स्वरसंघातांचे आवर्तन इतके स्थिरावते की पाठोपाठ येणारे, जलद लयीतले ‘माइल्स्टोन्स’ झोपमोड केल्यासारखे वाटते, जरी त्यातील लाफारोचे काम अप्रतिम असले तरी. दुसरे म्हणजे, नंतरच्या आवृत्त्यांत त्याच दिवशीची पर्यायी वादनेही जोडलेली आहेत. अभ्यासकाला ती मोलाची वाटतील, पण प्रथम ऐकणाऱ्याने मूळ सहाच ऐकावीत. ऐकताना चांगला हेडफोन हवा. डबल बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झची असते आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, मग वर सांगितलेला बेस-पियानोचा सारा व्यवहारच हातून निसटतो. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी राहणाऱ्यांनी रात्रीची वेळ निवडलेली बरी.