वर्ड्सवर्थच्या खोलीचे ३८० पाऊंड

लाज वाटतेय लिहायला पण लिहितो, कारण यूकेत आईबाबांना फिरायला आणणारे आपल्यातले बरेच जण आहेत आणि एप्रिल जवळ आला की सगळ्यांना इंग्लंडमधला तळ्या-डोंगरांचा लेक डिस्ट्रिक्टच आठवतो.

माझे बाबा साताऱ्याला हायस्कूलात इंग्रजी शिकवायचे. वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सची कविता किती बॅचेसना शिकवली असेल देव जाणे, फूल मात्र कधी बघितलेलं नाही. म्हटलं यावेळी नेऊच त्याच्या गावाला, लेक डिस्ट्रिक्टमधल्या ग्रासमिअरला, आणि राहायचं तर एखाद्या जुन्या इनमध्ये, खाली पब, वर लाकडी खोल्या असलेल्या. सर्च केलं आणि सगळ्यात वर जी जाहिरात आली तिच्यावरच क्लिक केलं, इथूनच माती खाल्ली. साईट एकदम झक्कास, शेकोटीचे फोटो, दगडी भिंती, आणि एका खोलीखाली लिहिलेलं की वर्ड्सवर्थ इथे उतरायचा आणि याच खिडकीत बसून त्याने १८०२ साली डॅफोडिल्स लिहिली. दोन रात्रींचे कार्डाने ४५०, डायरेक्ट बँक ट्रान्सफर केलं तर ३८०. ७० पाऊंड वाचतायत म्हटल्यावर डोकं चालायचं बंदच झालं माझं.

पैसे पाठवताना बँकेच्या ॲपने सांगितलं होतं की खात्यावरचं नाव जुळत नाहीये. मी ईमेल केला तर पाच मिनिटांत उत्तर, की आमचे हिशोब दुसरी कंपनी बघते, खातं तिच्या नावावर आहे. झालं, पाठवले.

आता खरी गंमत ऐका. बाबांना सगळं कागदावर लागतं म्हणून कन्फर्मेशन प्रिंट करून दिलं, तर ते लाल पेन घेऊनच बसले. म्हणे, "अरे १८०२ ला त्याने बहिणीबरोबर अल्सवॉटर तळ्याच्या काठी फुलं बघितली, कविता लिहिली दोन वर्षांनी, छापली १८०७ ला. आणि १७९९ पासून १८०८ पर्यंत तो ग्रासमिअरलाच राहत होता, गावात स्वतःचं बिऱ्हाड असताना हा माणूस लॉजवर कशाला झोपेल?" वर हेही सांगितलं की तो राहायचा ते डव्ह कॉटेजच आधी इन होतं, डव्ह अँड ऑलिव्ह बाव नावाचं, आणि त्यावरूनच त्याने एका कवितेत स्वतःला पाणी पिणारा साधा कवी म्हणून घेतलंय. मी म्हटलं, बाबा, मार्केटिंग असतं हो ते, आपल्याकडे नाही का प्रत्येक वाड्यात महाराज मुक्कामाला येऊन गेलेले असतात. बाबा गप्प बसले.

विंडरमिअरपर्यंत ट्रेन, तिथून ५५५ नंबरची बस, बारीक पाऊस, आईच्या हातात चकलीचा डबा. पत्त्यावर घर होतं, अगदी फोटोतलंच, स्लेटचं छप्पर, दारावर जुन्या पाटीची लोखंडी दांडी सुद्धा होती, फक्त पाटी नव्हती. बेल वाजवली तर एक म्हाताऱ्या बाई आल्या, माझ्या हातातला कागद बघितला आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या की तुम्ही या महिन्यातले तिसरे. पूर्वी कधीतरी इन होतं म्हणे, आता त्या एकट्या राहतात. आतले फोटो कुठले ते त्यांनाही माहीत नाही. त्यांनी आईला आत बसवून चहा दिला, आणि मी बाहेर उभा राहून ईमेलमधला नंबर फिरवत होतो, अर्थातच बंद.

शेवटी अँबलसाईडला एका रात्रीची खोली मिळाली, १६५ पाऊंड, शॉवर धड चालत नव्हता, पण निदान खरी होती.

बँकेला १५९ वर फोन केला, हा नंबर सेव्ह करून ठेवा, बहुतेक मोठ्या बँकांना जोडून देतो. ऑक्टोबर २०२४ पासून इकडे नियम आहे की फसवून ट्रान्सफर करायला लावलं असेल तर बँकेने पैसे परत द्यायचे, पण त्यातले १०० पर्यंत त्या कापू शकतात, आणि तुम्ही फारच बेफिकीर होतात असं दाखवता आलं तर नाहीही देत. नाव जुळत नाही दिसत असून का पाठवलेत हे मला तीनदा विचारलं, तीनदा मान खाली घालून सांगितलं. २८० मिळाले. क्रेडिट कार्डाने ४५० भरले असते तर कार्ड कंपनीवर क्लेम करता आला असता, १०० च्या वरच्या खरेदीला तो कायदाच आहे, ते ७० पाऊंड वाचवण्यात १०० गेले, वर त्या रात्रीची खोली वेगळीच.

पुरावा म्हणून बँकेने कन्फर्मेशन मागितलं होतं. माझ्याकडचा ईमेल रागाच्या भरात डिलीट झालेला, त्यामुळे बाबांची प्रिंटच स्कॅन करून पाठवली, १८०२ वर लाल गोल, बाजूला "चूक" आणि खाली सवयीने दहापैकी शून्य मार्क.