मेल फॉरवर्डिंगचा गरगरा: शिक्के मोजायचे, पत्ता तपासायचा की स्वतःची खूण ठेवायची?

ऑफिसचा मेल घरच्या पत्त्यावर आणि घरचा ऑफिसच्या, असे दोन नियम एकाच माणसाने वेगवेगळ्या दिवशी लावले की झालं. पहिलंच पत्र ‘ये रे माझ्या मागल्या’ करत दोन्हीकडे फिरू लागतं. ते थांबवायचे मार्ग तीन-चार आहेत. कुठला घ्यायचा ते ठरवताना तो काय पकडतो यापेक्षा त्याच्या हातून काय निसटतं ते बघावं.

सगळ्यात जुना मार्ग शिक्के मोजण्याचा. पत्र हातात घेणारा प्रत्येक सर्व्हर ‘रिसीव्ह्ड’ची एक ओळ वर चिकटवतो. ओळी ठरावीक आकड्यापलीकडे गेल्या की पत्र परत. मेल पोचवणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामपैकी सेंडमेलमध्ये ही मर्यादा मुळात २५, एक्झिममध्ये ३०, पोस्टफिक्समध्ये ५०. २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) मात्र ती साधारणपणे निदान १०० असावी असं म्हटलंय. सोय आयती मिळते, काही करावं लागत नाही. पण हा फ्यूज आहे, जळल्यावरच कळतो. दोनच पत्ते एकमेकांकडे टोलवत असतील तर पन्नास फेऱ्यांनी काही बिघडत नाही. आता समजा, एक पत्ता दोघांना फॉरवर्ड करतो आणि ते दोघेही त्यालाच परत पाठवतात. दर दोन टप्प्यांना प्रती दुप्पट. टप्प्यागणिक एकच शिक्का पडतो असं धरलं, तर २५ च्या मर्यादेत १२ वेळा दुप्पट होऊन ४,०९६ प्रती होतात. ५० च्या मर्यादेत हाच हिशेब तीन कोटींच्या वर जातो. ‘मेल परत येतोय, मर्यादा वाढवून बघा’ हा सल्ला म्हणूनच मला धडकी भरवतो.

‘डिलिव्हर्ड-टू’ची पद्धत अधिक शहाणी. पत्र पोचवताना सर्व्हर त्यावर पत्ता लिहून ठेवतो, आणि तोच पत्ता आधीपासून लिहिलेला दिसला की समजतो, हे आपल्याकडे येऊन गेलंय. क्यूमेल हा आणखी एक मेल सर्व्हर आणि पोस्टफिक्सची स्थानिक डिलिव्हरी असंच करतात. वरच्या उदाहरणातल्या दोन्ही प्रती पहिल्याच फेरीत अडकतात, कोटीचा प्रश्नच येत नाही. त्रास एकच: कुणी जुनं पत्र सगळ्या हेडरसकट (म्हणजे मजकुराच्या वरच्या या नोंदींच्या ओळींसकट) स्वतःलाच पुन्हा पाठवलं, तर निर्दोष पत्रही परत जातं. क्वचित घडतं, मी चालवून घेतो.

मात्र या दोन्ही युक्त्या जुने हेडर शाबूत राहण्यावर उभ्या आहेत. एखादी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, मजकूर उचलून नवं कोरं पत्र तयार करत असेल, तर आधीचे शिक्के गळतात आणि मोजणी पुन्हा शून्यावर. खरा न संपणारा लूप, म्हणजे गरगरा, तो हाच. तिथे आपली खूण आपणच ठेवायची: जाणाऱ्या पत्रावर ‘एक्स-लूप’ हेडरमध्ये आपला पत्ता, आणि येणाऱ्यावर तो दिसला की पुढे पाठवणं बंद. प्रोकमेल हा मेल गाळणारा प्रोग्राम वापरणाऱ्यांची ही जुनी सवय. समोरचाही नवं पत्र बनवत असेल तर तीही खूण पुसली जाते. मग जिथे पाठवतो तिथूनच आलेलं पुढे पाठवायचं नाही, आणि तासाला अमुक इतकीच पत्रं, एवढाच कंटाळवाणा पण भरवशाचा बंदोबस्त उरतो.

‘मी रजेवर आहे’ छापाच्या उत्तरांचे नियम निराळे. २००४ च्या आरएफसी ३८३४ नुसार अशा उत्तरावर ‘ऑटो-सबमिटेड’ हेडर हवा, आणि परतीचा पत्ता रिकामा असलेल्या पत्राला उत्तर द्यायचंच नाही. एकाच माणसाला पुन्हा उत्तर देण्याआधी युनिक्सवरचा व्हेकेशन प्रोग्राम मुळात आठवडाभर थांबतो. ‘पोचलं नाही’च्या सूचनांवर परतीचा पत्ता रिकामाच असतो, म्हणून तो फॉरवर्डिंगच्या स्क्रिप्टनेही तपासावा. नाहीतर पुढची पेटी भरलेली असताना अशी सूचना आपल्याकडे येते, आपण ती त्याच भरलेल्या पेटीकडे ढकलतो, आणि नवी सूचना हजर. अशी पत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावीत.

सर्व्हर तुमच्या हातात असेल तर ‘डिलिव्हर्ड-टू’वर भिस्त ठेवा आणि टप्प्यांची मर्यादा आहे तिथेच राहू द्या. स्क्रिप्ट लिहीत असाल तर एक्स-लूप आणि तासाची मर्यादा दोन्ही घ्या, एकावर भागवू नका. हातात फक्त वेबमेलची सेटिंग असेल तर निवडीला फारसा वाव नाही: ‘फॉरवर्ड’ आणि ‘रिडायरेक्ट’ असे दोन पर्याय दिसले तर रिडायरेक्ट घ्या, कारण त्यात बहुधा मूळ हेडर टिकतात. आणि नवा नियम लावण्याआधी दुसऱ्या खात्यात लॉग-इन करून तिथला जुना नियम बंद केलाय का ते बघा.