इन युटेरोची 30 वर्षांनंतरची एलपी : काय ऐकू येतं आणि घ्यावी का

शेवटी घेतलीच. निर्वाणा या तिघांच्या अमेरिकन रॉक बँडच्या 'इन युटेरो' या अल्बमला 30 वर्षं झाली म्हणून 2023 च्या ऑक्टोबरमध्ये जे नवीन एडिशन आलं ना, त्यातला छोटा सेट, म्हणजे एक एलपी आणि सोबत एक 10 इंची तबकडी. घेऊ का नको करता करता बरेच महिने गेले, कारण हा अल्बम माझ्याकडे आधीच कॅसेटवर आहे, सीडीवर आहे, फोनवर तर आहेच, मग परत पैसे कशाला घालायचे हा प्रश्न घरच्यांनीही विचारला आणि मलाही पडला होता. आता महिनाभर रोज ऐकल्यावर सांगतो, पैसे वसूल आहेत. का ते जरा सविस्तर लिहितो.

माझी पहिली ओळख हॉस्टेलवरची. रूममेटने 90 मिनिटांच्या ब्लँक कॅसेटवर कॉपी करून दिलेली, एका बाजूला त्यांचाच आधीचा अल्बम 'नेव्हरमाइंड' आणि दुसऱ्या बाजूला हा. पहिली बाजू सगळी विंग ऐकायची, दुसरी लावली की "अरे बंद कर ते" असा ओरडा व्हायचा. तेव्हापासून ऐकत आलोय की हा अल्बम मुद्दाम कर्कश केलाय, लोकांना पळवून लावायला केलाय. मला ते कधीच पटलं नाही, पण का पटत नाही ते सांगता यायचं नाही. या एलपीने ते सांगता येतंय.

सुई टेकवली की पहिल्यांदा काय येतं माहितीये? गिटार नाही. ड्रमर डेव्ह ग्रोलच्या काठ्या. टक टक टक अशी काठीवर काठी, तालाची मोजणी, आणि मग धाडकन सगळे एकदम. कॅसेटवर तो टकटक आवाज खरखरीत बुडून गेलेला असायचा. इथे त्या काठ्यांच्या मागे खोली ऐकू येते, म्हणजे काठी वाजली आणि आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत आला हे कळतं. दुसऱ्या गाण्याच्या, 'सेंटलेस अप्रेंटिस'च्या सुरुवातीचे ड्रम्स तर असे येतात की कोणीतरी आपल्याच हॉलमध्ये सेट मांडून बसलंय. त्या गाण्याची मूळ रिफही (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) ग्रोलचीच, आणि श्रेय तिघांच्याही नावावर आहे.

हा आवाज असा का आहे ते कळायला अल्बम झाला कसा ते माहीत हवं. 'नेव्हरमाइंड' इतका चालला की जानेवारी 1992 मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरवरून खाली ढकललं. पण बँडचा गायक आणि गिटारवादक कर्ट कोबेनला तो फार गुळगुळीत झालाय असं वाटायचं. त्याला पिक्सीज या बँडचा 'सर्फर रोझा' आणि ब्रीडर्स या बँडचा 'पॉड' या अल्बमसारखा आवाज हवा होता, आणि ते दोन्ही रेकॉर्ड करणारा माणूस एकच, शिकागोचा स्टीव्ह अल्बिनी. म्हणून त्याला बोलावलं.

अल्बिनीने काम घेण्याआधी बँडला एक लांबलचक पत्र लिहिलं होतं, ते आज नेटवर सहज सापडतं, वाचाच. त्यात तो म्हणतो की एखादी रेकॉर्ड करायला आठवड्याच्या वर वेळ लागत असेल तर कोणीतरी घोळ घालतंय. आणि पैशांचं म्हणाल तर, मला प्लंबरसारखे पैसे द्या. काम करतो, त्याचे पैसे घेतो, विषय संपला. विक्रीतली टक्केवारी त्याला नको होती, गाणी बँडची आहेत तर रॉयल्टीही त्यांचीच, ध्वनिमुद्रण करणाऱ्याने ती घेणं नैतिकदृष्ट्या चूक आहे असं त्याचं स्वच्छ मत. ठरलेले 1 लाख डॉलर घेतले आणि बास. एवढ्या मोठ्या बँडच्या पुढच्या अल्बमची टक्केवारी म्हणजे आयुष्यभराची सोय होती हो, ती त्याने तत्त्वासाठी सोडली. नावापुढे 'निर्माता' लावायलाही तो तयार नसायचा, 'रेकॉर्ड केलं' एवढंच. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. मे 2024 मध्ये तो गेला तेव्हा रात्री हाच अल्बम लावून बसलो होतो.

तर फेब्रुवारी 1993, मिनेसोटातलं कॅनन फॉल्स नावाचं छोटं गाव, तिथे झाडीत असलेला पॅकिडर्म स्टुडिओ, ऐन थंडी, आजूबाजूला बर्फ. बुकिंग बँडच्या नावाने नाहीच, 'सायमन रिची ब्लूग्रास एन्सेम्बल' असं काहीतरी भलतंच नाव दिलं होतं (सायमन रिची हे सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या सिड व्हिशसचं खरं नाव). खर्च बँडने स्वतःच्या खिशातून केला, कंपनीचा माणूस तिकडे फिरकूही द्यायचा नाही असं ठरलेलं. दोन आठवड्यांच्या आसपास रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग (म्हणजे वेगवेगळे आवाज कमीजास्त करून एकत्र जुळवणं) सगळं पूर्ण. तिघांनी एकत्र वाजवायचं, तेच ठेवायचं, आणि कोबेनने गाण्यातला आपला बहुतेक भाग सहा तासांत आटोपला. अल्बिनीची पद्धत म्हणजे ड्रम्सच्या भोवती आणि खोलीत लांब लांब ढीगभर मायक्रोफोन लावायचे आणि नंतर यंत्राने खोटा घुमारा द्यायचा नाही, खोलीचाच जो घुमारा आहे तो घ्यायचा. मी वर म्हटलं ना खोली ऐकू येते, ती हीच.

आणि मग सुरू झाला राडा. टेप गेफन या रेकॉर्ड कंपनीकडे गेली, तिथल्या लोकांना आवडली नाही, मॅनेजमेंटला आवडली नाही. एप्रिलमध्ये अल्बिनीने शिकागो ट्रिब्यूनला सांगितलं की कंपनी हा अल्बम काढेल असं काही वाटत नाही. मे महिन्यात न्यूजवीकनेही तीच बातमी लावून धरली. बँडने चिडून खुलासे काढले, बिलबोर्डमध्ये पूर्ण पानाची जाहिरात दिली, की आमच्यावर कोणाचा दबाव नाही. पण खरं म्हणजे बँडलाही थोडी शंका आलीच होती, गायकाचा आवाज मागे राहतोय, बेस नीट कळत नाही असं. शेवटी 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' ही दोन गाणी आरईएम या बँडसोबत काम केलेल्या स्कॉट लिटकडून सिएटलला परत मिक्स करून घेतली, आणि बॉब लुडविगने मास्टरिंग (तबकडी छापण्याआधी आवाजावरून फिरवलेला शेवटचा हात) करताना बाकीच्या गाण्यांत बेस आणि गायकाचा आवाज जरा वर आणला. अल्बिनीला हे अजिबात रुचलं नाही.

माझं मत विचाराल तर, लिटने केलेलं काम चांगलं आहे, 'हार्ट-शेप्ड बॉक्स'मध्ये कोबेनने नंतर टाकलेला दुसरा सूर मला फार आवडतो. पण एलपीवर सलग ऐकताना जोड कळतो. दुसरं गाणं संपतं, तिसरं सुरू होतं आणि एकदम कोबेन दोन पावलं पुढे येऊन उभा राहतो, खोली लहान होते. चौथ्याला परत मागे. हे सीडीवर इतकं जाणवलं नव्हतं.

या एडिशनचं मास्टरिंग बॉब वेस्टनने केलंय, शिकागोला, मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून. वेस्टन म्हणजे अल्बिनीसोबत शेलॅक बँडमध्ये बेस वाजवणारा, आणि मुख्य म्हणजे 1993 साली पॅकिडर्ममध्ये अल्बिनीच्या हाताखाली जो एकमेव इंजिनिअर होता तो हाच. म्हणजे त्या खोलीत तो आवाज कसा होता हे ज्याने स्वतःच्या कानांनी ऐकलंय त्याच्याच हातात काम गेलं. फरक कुठे कळतो, तर बँडच्या क्रिस्ट नोव्होसेलिकच्या बेस गिटारमध्ये. 'मिल्क इट' लावा, दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं. कोबेन पुटपुटतोय, गिटार तुटक तुटक, आणि खाली बेस एकटा चालत राहतो, त्याची तार फ्रेटला घासलेली कळते. मग सगळे तुटून पडतात. सीडीवर या जागी मी वॉल्यूम कमी करायचो कारण कानाला टोचायचं, इथे करावा लागत नाही, आवाज तितकाच मोठा आहे पण टोचत नाही. 'डम्ब'मधलं केरा शेलीचं चेलोसुद्धा आता गिटारच्या मागे लपलेलं नाही, बो तारेवर फिरल्याचा तो लाकडी, खरबरीत आवाज येतो.

अल्बम सप्टेंबर 1993 मध्ये आला आणि सरळ पहिल्या नंबरवर, पहिल्या आठवड्यात 1 लाख 80 हजार कॉपी. कंपनीला जे चालणार नाही वाटत होतं ते पुढे अमेरिकेत 50 लाखांवर गेलं. समीक्षकांनीही बहुतेक ठिकाणी भरभरून लिहिलं. अडलं ते वॉलमार्ट आणि केमार्टमध्ये, त्यांनी ठेवायलाच नकार दिला. मागच्या कव्हरवर कोबेनने स्वतः घरी जमिनीवर मांडलेली अर्भकांची मॉडेल्स आणि फुलं आहेत, ते चित्र, आणि 'रेप मी' हे नाव. ते गाणं बलात्काराच्या विरोधातलं आहे, पण नाव वाचूनच दार बंद. मग मार्च 1994 मध्ये बदललेलं कव्हर आणि 'वेफ मी' असं नाव छापून वेगळी आवृत्ती काढली. बँडने हे मान्य कसं केलं असं बरेच जण रागाने विचारतात. कोबेन अ‍ॅबरडीनसारख्या लाकूडतोडीच्या गावात वाढला, आणि त्याचं म्हणणं होतं की काही गावांत पोरांना रेकॉर्ड मिळायची ती फक्त अशाच दुकानात. आमच्या तालुक्याला कॅसेटचं एकच दुकान होतं, तिथे जे असेल तेच आमचं संगीत, त्यामुळे मला हे एका क्षणात पटतं. पुढच्याच महिन्यात, 5 एप्रिलला, तो गेला. वय 27.

आता वस्तूबद्दल. तबकडी सपाट आहे, वाकलेली नाही, दोन गाण्यांच्या मधे शांतता अगदी स्वच्छ. कव्हरची छपाई सुंदर, ती पंखवाली पारदर्शक बाई मोठ्या आकारात बघायलाच पाहिजे, आतले स्नायू, शिरा सगळं दिसतं. मी ऑनलाइन मागवली, नाव घेत नाही, पण पुठ्ठा इतका पातळ वापरला होता की एक कोपरा दबूनच आला आणि बदलून द्यायला तयार नाहीत, "तबकडीला काही झालेलं नाही ना" म्हणे. मला त्याचं खरंच वाईट वाटलं. शक्य असेल तर दुकानात जाऊन हातात घेऊनच आणा.

मोठा 8 एलपीचा बॉक्सही आहे, त्यात 1993 चा लॉस एंजेलिसचा आणि जानेवारी 1994 चा सिएटलचा असे दोन पूर्ण कार्यक्रम आहेत, आवाज जॅक एंडिनोने नीट करून दिलाय, ज्याने त्यांचा पहिला अल्बम रेकॉर्ड केला होता. मी ते कार्यक्रम फोनवर ऐकले. सिएटलचा ऐकाच ऐका, पण त्यासाठी एवढा महाग बॉक्स घ्यायची गरज नाही असं मला वाटतं. 2013 चं एडिशन ज्यांच्याकडे आहे, ज्यात अल्बिनीने सगळी गाणी परत नव्याने मिक्स केली होती, त्यांनी ते विकू नका, तो वेगळा अनुभव आहे, तिथे सोलो वेगळे, सूर वेगळे. हे मूळ मिक्स आहे.

10 इंचीवर तेव्हाची सुटी राहिलेली गाणी आहेत. 'मॅरीगोल्ड' ग्रोलने गायलंय, हळू, जवळजवळ कुजबुजत, हाच माणूस पुढे फू फायटर्स हा रॉक बँड काढणार हे ऐकून सांगता येणार नाही. आणि 'सॅपी'. हे गाणं मूळ अल्बममधून का वगळलं हे मला आजही समजत नाही. एलपी संपली की उठून ती छोटी तबकडी चढवायची आणि 'सॅपी' लावायचं, सध्या रोज रात्री जेवणं झाली की आमच्याकडे हेच चाललंय.