गौरव कसा करावा: प्रवेशिका मागवून की थांब्यावर जाऊन?

वाहतुकीचे चांगले नियोजन करणाऱ्यांचा आपल्या पातळीवर सन्मान करावा, असे ठरवणाऱ्या कोणत्याही नागरिक गटापुढे सर्वांत आधी उभा राहतो तो निवडीच्या पद्धतीचा प्रश्न. एक तर प्रवेशिका मागवायच्या, सादरीकरणे ऐकायची आणि परीक्षकांच्या गुणांवरून निकाल लावायचा. किंवा स्वतः बसथांब्यांवर, रिक्षा स्टँडवर, शाळांच्या फाटकांशी जाऊन उभे राहायचे, ये-जा करणाऱ्यांना विचारायचे आणि त्यातून जे काम पुढे येईल त्याची निवड करायची. सोलापुरात आमच्या छोट्या गटाने आधी पहिली पद्धत वापरली आणि नंतर दुसरी. दोन्ही जवळून पाहिल्यामुळे, अशा निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना उपयोगी पडेल इतके सांगावे, एवढाच येथे हेतू आहे.

प्रवेशिकांची पद्धत प्रतिष्ठेची आहे आणि ती प्रतिष्ठा पोकळ नाही. केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाचे शहरी वाहतुकीचे पुरस्कार ‘अर्बन मोबिलिटी इंडिया’ परिषदेत दिले जातात. 2021 मध्ये सर्वाधिक शाश्वत वाहतूक व्यवस्थेचे शहर म्हणून कोचीची निवड झाली, ती याच प्रकारच्या प्रक्रियेतून. अमेरिकेत फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशन आणि फेडरल ट्रान्झिट ॲडमिनिस्ट्रेशन या महामार्ग व सार्वजनिक वाहतूक पाहणाऱ्या सरकारी संस्थांचा मिळून दर दोन वर्षांनी दिला जाणारा पुरस्कार तर खास वाहतूक नियोजनासाठी आहे. म्हणजे पूल किंवा रस्ता बांधल्याबद्दल नव्हे, तर लोकांना सोबत घेऊन आराखडा कसा केला याबद्दल. एवढ्या मोठ्या प्रदेशातील कामे एकमेकांशेजारी ठेवायची असतील, तर लेखी प्रवेशिकेला पर्याय नाही. शिवाय नियम आधी जाहीर झालेले असतात, कागद मागे राहतो आणि नंतर कोणी शंका घेतली तर दाखवायला काही तरी हातात असते. एखाद्या कनिष्ठ अभियंत्याने मनापासून केलेले काम त्याच्या वरिष्ठांच्या नजरेस पडावे, यासाठीही रीतसर प्रवेशिका आणि रीतसर प्रमाणपत्र यांचा उपयोग होतो. आमच्या पहिल्या वेळच्या प्रवेशिका आजही फाइलमध्ये आहेत आणि शहराच्या वाहतुकीविषयी काही शोधायचे असले की मी त्या आवर्जून उघडतो.

या पद्धतीत निकालाची वेळ मात्र नाजूक असते. जागतिक पातळीवरचा सस्टेनेबल ट्रान्सपोर्ट पुरस्कार 2005 मध्ये पहिल्यांदा बोगोटा शहराला मिळाला, तेव्हा तेथील ट्रान्समिलेनिओ बससेवा सुरू होऊन चार वर्षे उलटली होती. याच पुरस्कारासाठी 2010 मध्ये अहमदाबादची निवड झाली, तेव्हा तेथील जनमार्ग ही बससेवा सुरू होऊन जेमतेम तीन-चार महिने झाले होते. अहमदाबादचे काम कमी मोलाचे होते असे मी म्हणणार नाही. परंतु चार वर्षे चाललेली सेवा पाहून दिलेली शाबासकी आणि नव्या कोऱ्या सेवेला दिलेली शाबासकी यांचे वजन सारखे नसते. सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेतून आलेल्या बसगाड्यांचे स्वागत या शहराने केले आणि पुढे त्यांतल्या अनेक गाड्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, तडे गेल्यामुळे उभ्या राहिल्याचेही याच शहराने पाहिले. गाड्या आल्या त्या वर्षी कोणी नियोजनाचा पुरस्कार जाहीर केला असता, तर परीक्षकांना त्या कागदांत काहीच खटकले नसते.

तरीही केवळ वेळेच्या मुद्द्यावरून मी पद्धत बदलण्याचा आग्रह धरला नसता. प्रवेशिका एक वर्ष उशिराने मागवल्या की तो प्रश्न बराचसा सुटतो. माझे मन ज्या गोष्टीवरून फिरले ती अगदी लहान आहे. प्रवेशिकेच्या नमुन्यात ‘लाभार्थी संख्या’ असा एक रकाना होता. तो आम्हीच घातला होता आणि त्यात गैर काही दिसतही नव्हते. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक प्रवेशिकेत त्या रकान्यात संपूर्ण प्रभागाची लोकसंख्या लिहून आली. थांब्यावर शेड उभारली, लाभार्थी सगळा प्रभाग. चौकात पट्टे मारले, लाभार्थी सगळा प्रभाग. शाळेजवळ गतिरोधक केला, तरी लाभार्थी सगळा प्रभाग. लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे नाही. सरकारी प्रस्तावांत हा रकाना असाच भरण्याची पद्धत पडून गेली आहे. पण परीक्षकांच्या बैठकीचा मोठा भाग, कोणीही न मोजलेल्या या आकड्यांची तुलना करण्यात गेला. मोठ्या प्रभागातले काम आपोआप मोठे ठरत होते आणि छोट्या पेठेतले, अधिक विचाराने केलेले काम मागे पडत होते. एका परीक्षकांनी तो रकाना वगळून गुण द्यावेत असे सुचवले. तेव्हा लक्षात आले की तो वगळला तर उरलेल्या कागदात लोक जवळजवळ नाहीतच. खर्च आहे, लांबी-रुंदी आहे, उद्घाटनाचे छायाचित्र आहे, पण तेथे उभा राहणारा माणूस नाही.

त्याच प्रवेशिकांपैकी एका शेडकडे नंतर आम्ही काही जण दुपारी चारच्या सुमारास गेलो. छायाचित्रात ती देखणी होती: स्टीलचा स्वच्छ बाक, वर मार्गांची नावे लिहिलेला फलक. शेडचे तोंड पश्चिमेला होते. एप्रिलच्या त्या वेळी ऊन थेट बाकावर पडले होते, स्टील हात लावू नये इतके तापले होते आणि बसची वाट पाहणारे सगळे जण शेडच्या मागे, तिच्या सावलीत, गटाराच्या कडेला उभे होते. बस येताना दिसावी म्हणून त्यांच्यातला एक विद्यार्थी अधूनमधून पुढे येऊन पाहत होता आणि बाकीच्यांना सांगत होता. प्रवेशिकेतले छायाचित्र सकाळचे होते. ते खोटे मुळीच नव्हते, पण त्यावरून दिलेला आमचा गुण चारच्या उन्हात टिकणारा नव्हता.

दुसऱ्या पद्धतीचे खरे मोल मला कुंभारीच्या बाजूला कळले. अक्कलकोट रस्त्यावरच्या या शिवारात गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहतीची 10,000 घरे 2006 पासून आहेत आणि शेजारच्या रे नगरातील 30,000 घरांच्या प्रकल्पापैकी पहिली 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये लोकार्पित झाली. कामगारांना हक्काचे घर मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र घर शहराबाहेर आणि काम, दवाखाना, बाजार शहरात, अशी स्थिती असल्यामुळे येथे वाहतूक हाच रोजच्या जगण्याचा कणा आहे. वळलेल्या विड्या जमा करून तेंदूपान आणि तंबाखू घेऊन परतणाऱ्या बायकांना वेळ पाळावीच लागते. आम्ही तेथे गेलो तेव्हा सोबत तेलुगू बोलणाऱ्या एक ताई होत्या आणि त्यांच्यामुळेच बोलणे खुलले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी बायका आपली अडचण मराठीत थोडक्यात आणि तेलुगूत सविस्तर सांगतात. मराठी किंवा इंग्रजी नमुन्यातून ती सविस्तर बाजू कधीच आमच्यापर्यंत आली नसती.

त्या बायकांनी सांगितले की सकाळच्या शेअर रिक्षांचा त्रास आता कमी झाला आहे. पूर्वी रिक्षा भरल्याशिवाय सुटत नसे, आणि भरेपर्यंत जमा करण्याची वेळ टळून जाई. मग स्टँडवरच्या चालकांनी आपसांत ठरवले की सकाळचा पहिला नंबर ठरलेल्या वेळी सुटेल, सीट भरोत वा न भरोत, आणि हा पहिला नंबर रोज वेगळ्या चालकाला लागेल, म्हणजे नुकसान एकट्याच्या माथी पडणार नाही. निश्चित वेळ, तोट्याची वाटणी आणि प्रवाशाला दिलेला शब्द: वेळापत्रकाच्या नियोजनात आणखी काय असते? हे कोणी कागदावर लिहिलेले नव्हते आणि प्रवेशिका पाठवण्याचा विचार तर त्या चालकांच्या मनात आलाही नसता. आमच्या गटात यावर चर्चा झाली ती क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी बसवण्याच्या मुद्द्यावरून, आणि ती व्हायलाच हवी होती. पहिल्या फेरीत तरी क्षमतेचा हा नियम पाळला जातो हे पुन्हा जाऊन पाहिल्यावरच आम्ही त्या स्टँडचा एकत्रित सन्मान केला.

प्रत्यक्ष पाहणीच्या अडचणीही मोकळेपणाने सांगायला हव्यात. माणसे जास्त लागतात, आणि मन लावून थांब्यावर उभी राहणारी माणसे सहज मिळत नाहीत. ओळखीपाळखीचा प्रभाव येथे अधिक पडू शकतो, म्हणून ज्याच्या भागातली पाहणी असेल त्याने निवडीच्या वेळी बाजूला बसावे असा नियम आम्ही केला. दिवसाची निवड तर फारच जपून करावी लागते. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या काळात शहराच्या मध्यभागातली वाहतूक पूर्ण वेगळी असते, आषाढी वारीच्या दिवसांत एसटीच्या गाड्या पंढरपूरकडे वळतात, आणि एप्रिल-मेमधल्या दुपारी अनेक जण बाहेर पडणेच टाळतात. अशा एकाच दिवशी पाहून मत बनवले तर ते अन्यायाचे होईल. म्हणून एकच ठिकाण वेगवेगळ्या ऋतूंत आणि वेगवेगळ्या वेळी पाहणे भाग पडते आणि एवढे करूनही वर्षाकाठी थोडीच ठिकाणे होतात. राज्यपातळीवरच्या संस्थेला हे जमणे कठीण आहे, हे मान्य करावे लागेल.

त्यामुळे ज्यांचा पल्ला अनेक शहरांचा आहे, त्यांनी प्रवेशिकांचीच वाट धरावी असे मला वाटते. परंतु ज्यांचे क्षेत्र एक शहर, एक तालुका किंवा एखादा रस्ता एवढेच आहे, त्यांनी शक्य तर पाहणीची पद्धत घ्यावी, असे मी आग्रहाने नाही, पण मनापासून सुचवीन. मनुष्यबळ कमी असेल तर सबंध शहर घेऊ नये. वर्षाला एकच मार्ग घ्यावा, जसे सात रस्ता ते विजापूर रोड, किंवा रेल्वे स्टेशन ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, आणि त्या मार्गावरच्या प्रवाशांनाच नावे सुचवायला सांगावीत.

आणि काही कारणाने प्रवेशिका मागवाव्याच लागल्या, तर लाभार्थी संख्येचा रकाना काढून त्या जागी चार साधे प्रश्न ठेवावेत: कोणत्या ठिकाणी मोजले, दिवसाच्या कोणत्या वेळी मोजले, तेव्हा किती माणसे तेथे होती, आणि मोजणारा कोण होता. आमच्या नमुन्यात आता हेच चार प्रश्न आहेत, आणि छायाचित्र दुपारी चारचे मागवले जाते.