नोटाचं बटण: लोकसभेला शोभेचं, महापालिकेला कामाचं

‘एकही उमेदवार पटत नाही, मग काय विचार गुंडाळून मत द्यायचं?’ निवडणूक लागली की सोलापुरात चहाच्या गाड्यावर हे हमखास निघतं. कुणीतरी लगेच नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’चं बटण सुचवतो. पण ते बटण सगळ्या निवडणुकांत सारखं चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने ते आलं. त्याआधी मत नाकारायचं तर नियम ४९-ओ होता. केंद्राध्यक्षाला तसं सांगायचं, मतदारांच्या १७-अ नोंदवहीत शेरा पडायचा, त्यावर आपली सही. बाजूला सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट बसलेले, मग गुप्तता कसली! ही अडचण नोटाने चोख सोडवली. यादीत सर्वात खाली, काळी फुली मारलेल्या मतपत्रिकेचं चिन्ह. दाबलं की लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेआड ७ सेकंद चिठ्ठी दिसते.

लोकसभा-विधानसभेला मात्र त्याचं काम तिथंच संपतं. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, निकालाला त्याचा धक्काही लागला नाही. नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो. नोटामुळे अनामत जप्त होईल हाही गैरसमज आहे. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो आणि त्या बेरजेत नोटा धरतच नाहीत. निषेध नोंदवायचा तर ठीक; कुणाला तरी पाडायचंय, तर हे बटण त्या कामाचं नाही.

महापालिकेला गोष्ट वेगळी. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची फेरनिवडणूक. दुसऱ्यांदाही तसंच झालं, तर मात्र सर्वाधिक मतं घेणारा उमेदवार विजयी. सुटका एकदाच, पण बटणाला दात आहेत.

त्याहून मोठी सोय प्रभागाची. सोलापुरात १०२ जागा, २६ प्रभाग. २४ प्रभागांत चार-चार नगरसेवक, दोनांत तीन-तीन. कार्यकर्ते ‘पॅनल टू पॅनल’, म्हणजे सगळी मतं एकाच पक्षाला, म्हणत स्लिप हातात कोंबतात, पण तशी सक्ती कुठेच नाही. प्रभागातल्या ‘अ’ जागेला एका पक्षाचा, ‘ब’ला दुसऱ्याचा, ‘क’ला अपक्ष आणि ‘ड’ला नोटा, असं खुशाल करावं. मन मारायची वेळ इथे सगळ्यात कमी येते, आणि नेमका हाच पर्याय फार थोडे वापरतात.

घोळ होतो तो बटणांवर. प्रत्येक जागेची यादी वेगळी, मतपत्रिकेचा रंग वेगळा, नोटाही वेगळा. चार जागा असतील तर चार बटणं दाबावीच लागतात. ज्या जागेला कुणीच पटत नाही तिथे नोटा, पण बटण सोडायचं नाही. बीप शेवटच्या मतानंतरच वाजते. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी इथे नसते, त्यामुळे दिवा बघूनच पुढे सरकायचं. एक बटण दाबून आवाज आला नाही म्हणून ‘मशीन बंद आहे’ असं ओरडत बाहेर पडू नका. तीन मतं बाकी असतात.