दीर्घायुष्य: रक्तातले किती, राहणीतले किती?

गावात कोणी नव्वदी ओलांडली की ‘त्यांच्या घराण्यातच आयुष्य आहे’ असे म्हटले जाते, आणि ते अगदीच खोटे नाही. मात्र १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या २,८७२ डॅनिश जुळ्यांच्या जोड्यांचा जो अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आयुर्मानातील फरकांपैकी आनुवंशिकतेचा वाटा पुरुषांत सुमारे २६ टक्के आणि स्त्रियांत २३ टक्के आढळला. शंभरीजवळ जनुकांचे महत्त्व वाढते. पण तिथवर पोचायचे तर आधी साठी-सत्तरी धडपणे पार व्हावी लागते.

आनुवंशिकतेला कमी लेखणे मात्र विदर्भात परवडणारे नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी परिचयाचा आहे. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे या आजाराचे जनुक बाळगणारे, असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि तिथे कितीही सकस आहार घेतला तरी ते जनुक बदलत नाही. म्हणूनच लग्नाआधी रक्ततपासणी व्हावी, असे मला कळकळीने वाटते.

राहणीचे पारडे तरीही मला जड वाटते. सकाळी पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा तयार होतो, आणि तो घेणारा मुलगा दुपारपर्यंत तिसरी पुडी उघडतो. हळूहळू त्याचे तोंड पुरते उघडेनासे होते, भाकरीचा घास बारीक करावा लागतो, पुढे कर्करोगाचा धोका उभा राहतो. त्याचे आजोबा पंच्याण्णव वर्षे जगले असले, तरी ती पुण्याई या पुडीपुढे टिकत नाही.